एका आडनावाला एक हाक

आमच्या पिढीतल्या बायकांनी पुढच्यांच्या डोक्याला कायमचा ताप करून ठेवला आहे. आमच्या आज्यांनी लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं आणि विषय संपवला. आयांनी थोडी कुरकुर केली. आम्ही मात्र दोन्ही आडनावं ठेवली, मध्ये एक आडवी रेघ मारली आणि स्वतःला फार शहाण्या समजलो. कुणी माहेरचं आधी लिहिलं, कुणी सासरचं. बँकेत एक, आधारवर दुसरं, पुस्तकावर तिसरंच. आमच्या वर्गातल्या एकीने दुसरं लग्न केल्यावर पहिलंही आडनाव सोडलं नाही. तिची पुरी मालगाडी झाली. आता आम्ही एकेक करून जायला लागलो आहोत आणि आमच्या नोंदी कुठे लावायच्या, हा प्रश्न सरकारपुढे येऊन पडला आहे.

सरकारपुढे म्हणजे माझ्यापुढे. मी केतकी गुर्जर-पाध्ये, राज्य स्मृतिसंग्रहाची नामनिश्चिती अधिकारी. कोणाची नोंद कोणत्या आडनावाखाली लावायची, ते ठरवणारी बाई. नोकरीची पहिली वर्षं मी ग्रंथालयात पुस्तकांची सूची करण्यात काढली, आणि आता माणसांची करते. जालना हे बियाण्यांचं गाव. शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या बियाण्याच्या शीतगृहात आमचा संग्रह आहे. पूर्वी तिथे मक्याचं आणि कापसाचं बियाणं ठेवत, आता आम्ही माणसं ठेवतो.

हे जरा समजावून सांगायला हवं. पूर्वी सगळं संगणकांवर असायचं. त्यांना वीज लागायची, थंडावा लागायचा, दर काही वर्षांनी नवी यंत्रं लागायची. लोकांनी पंचवीस-तीस वर्षं घरातल्या, बोलणं टिपून ठेवणाऱ्या गोल डब्यांसमोर बोलून बोलून जे काही साठवलं होतं आणि पुढे हौसेने संग्रहाला दान केलं होतं, त्याचा डोंगर झाला. शेवटी सरकारने हात टेकले आणि सगळं डीएनएमध्ये उतरवायचं ठरलं. सजीवांच्या पेशीत चार अक्षरांची जी लिपी चालते तीच वापरायची. आवाज असो, चित्र असो, मजकूर असो, तो त्या चार अक्षरांत लिहायचा, त्याचे बारीक धागे तयार करायचे आणि वाळवून ठेवायचे. चिमूटभर भुकटीत अख्खा तालुका मावतो. वीज जवळजवळ लागत नाही. शेकडो वर्षं टिकतं म्हणतात. आम्ही बघायला असणार नाही.

अडचण एकच. भुकटीत फडताळ नसतं. सगळे धागे एकमेकांत मिसळलेले असतात. त्यातून हवा तो कसा काढायचा? त्यासाठी प्रत्येक धाग्याच्या तोंडाशी एक छोटा तुकडा जोडलेला असतो. त्या तुकड्याला नेमका जुळणारा दुसरा तुकडा वरून सोडला, की तेवढेच धागे जागे होतात आणि स्वतःच्या प्रती काढायला लागतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार. काही तासांत नळीत त्यांचीच गर्दी होते. या वरून सोडायच्या तुकड्याला शास्त्रात काहीही म्हणोत, आमच्याकडे सगळे हाक म्हणतात. एका आडनावाला एक हाक. दुर्मिळ आडनावं चार-चार मिळून एका हाकेत बसवलेली आहेत. आणि एकमेकींशी गल्लत होणार नाही अशा हाका तयार करता येतात त्या जेमतेम काही हजार. म्हणून रेघेची आडनावं बसत नाहीत. देशमुख एक हाक, काळे एक हाक, पण देशमुख-काळे आणि काळे-देशमुख आणि त्यांच्या बहिणी, मेव्हण्या यांना वेगवेगळी हाक द्यायला गेलं तर निसर्गच पुरा पडत नाही. शिवाय ज्यांना हाक मिळते त्यांच्या नव्या प्रती परत साठ्यात जातात, म्हणजे ते वाढतात. ज्यांना कुणी हाक देत नाही, ते हळूहळू विरळ होत जातात.

त्यात आवाजाचा कायदा आला. मधल्या काळात चोरांनी मुलांच्या आवाजात आईबापांना फोन करून इतकं लुटलं, की दुसऱ्या माणसाचा आवाज स्वतःजवळ ठेवणं हाच गुन्हा ठरला. नवऱ्याचा असो, भावाचा असो. ज्याचा आवाज, त्याच्याच आडनावाखाली. मिसळलेल्या ध्वनिफिती यंत्र सोलून काढतं, प्रत्येकाचा आवाज वेगळा करतं, आणि कुणी कोणाशी कधी बोललं याची खूणही पुसून टाकतं. हाक देण्याचा हक्क त्या आडनावाच्या माणसांना, तोही वर्षातून एकदा. आम्हा कर्मचाऱ्यांनाही तोच नियम. तो मीच लिहिला आहे.

तर, जोड-आडनावांचं काय करायचं यावर उपसमितीची बैठक झाली. बहुतेकांचं म्हणणं होतं, शेवटचा भाग धरा. शेवटचा भाग म्हणजे बहुधा सासर. मी दिवसभर भांडले. म्हटलं, बाई आयुष्यभर कुणाची तरी कोणीतरी असते. निदान इथे ती जन्मली तेव्हा जी होती, त्या नावाने राहू दे. जन्माचं आडनाव हीच हाक. माझा आवाज चढला होता, पण नियम मंजूर झाला. ज्या मुलांना जन्मतःच जोड-आडनाव मिळालं, त्यांनी दोन्हींतलं एक निवडायचं, हेही ठरलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी मनापासून जिंकलेली ही एकच गोष्ट. घरी येताना गरम जिलबी घेतली, चांगली अर्धा किलो. खाणारी मी एकटीच आहे, हे कुलूप उघडताना लक्षात आलं.

आमची एक पद्धत आहे. नवा नियम झाला की तो आधी कर्मचाऱ्यांच्या नोंदींवर चालवून बघायचा. संचालक झाहिद देशमुख माझे साहेब, पण वयाने बरेच लहान; त्यांनी मला कधी नुसत्या नावाने हाक मारली नाही.

"केतकीताई, तुमची चाचणी झाली," एका दुपारी ते म्हणाले. "गुर्जरांमध्ये स्वच्छ निघालात. ऐकता?"

मी हेडफोन कानाला लावला. माझाच आवाज, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. मागे कुकरची शिट्टी नाही, भांड्यांचा आवाज नाही, फक्त मी.

"झाकण ठेव ना त्याच्यावर. नाही, कालचीच आहे. मी कुठे म्हटलं तसं. तुझ्या आईने म्हटलं असेल. पुरे, पुरे आता, पोट दुखतंय माझं." आणि मग मी हसत सुटले होते. कितीतरी वेळ.

मध्ये श्वास घ्यायलासुद्धा जागा नव्हती. भुकटीत प्रत्येक अक्षराला खर्च येतो, त्यामुळे शांतता साठवत नाहीत. जिथे मी गप्प होते, तो भाग यंत्राने काढून टाकला होता. निनाद, माझा नवरा, बोलत होता तेव्हाच मी गप्प होते. त्याचं वाक्य तर गेलंच, पण ते जिथे होतं ती रिकामी जागाही उरली नव्हती. एक बाई एकटीच बडबडत होती, भांडत होती आणि कशाला कोण जाणे, पोट धरून हसत होती.

"पाध्येसरांचं?" मी विचारलं.

"ते पाध्यांमध्ये." देशमुखांनी कीबोर्डकडे बघत सांगितलं. "त्यांना ईशान हाक देऊ शकेल. तो पाध्ये आहे ना?"

आहे. आमचा मुलगा जन्मला तेव्हा गुर्जर-पाध्ये होता. परदेशात पर्थला नोकरीला गेला, तिथे दर अर्जावर रेघ अडकायला लागली, आणि त्याने गुर्जर काढून टाकलं. फोनवर सहज सांगितलं त्याने, सिमकार्ड बदललं असं सांगावं तसं. मी "बरं" म्हटलं. तेव्हापासून आमचे फोन लहान होत गेले, हे दोघांनाही कळतं आणि दोघंही बोलत नाही.

आणि निनाद. रेघ ओढायची कल्पना माझी नव्हती, त्याची होती. लग्नाच्या नोंदणीला गेलो तेव्हा तो म्हणाला, "तूच का म्हणून लांब व्हायचं? मीही होतो." कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. तिथल्या शिक्षकांनी त्याला वर्षभर विचारलं, काय पाध्ये, घरजावई झालात का. तो म्हणायचा, हो, पण घर भाड्याचं आहे. सासूबाई बरीच वर्षं माझ्याशी सरळ बोलल्या नाहीत. तरी त्याने दोन आडनावांची सही सोडली नाही. तो गेला तेव्हा दवाखान्यातल्या कागदावरही दोन्ही आडनावं होती, आणि त्यानंतर दर रविवारी मी संग्रहाच्या जुन्या संगणकावर आमच्या स्वयंपाकघरातल्या फिती ऐकत बसायची. कामाचाच भाग, असं मी स्वतःला सांगायची. मार्चअखेर ते संगणक बंद होणार होते. माझ्याच नियमाने तो पाध्यांत जाणार होता आणि मी गुर्जरांत. पुढे कुणी गुर्जर मला हाक देईल, कुणी पाध्ये त्याला. हे दोघं एका घरात राहत होते, हे कुणाला कळायचं कारणच उरणार नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

मी घरी बसून एक पोटकलम लिहिलं. नाव दिलं, जोडनोंद. जोड-आडनाव असलेल्या नवरा-बायकोपैकी कुणी, किंवा त्यांच्या मागे मुलांनी, मागणी केली तर दोघांचे आवाज न सोलता एकत्र, एकाच आडनावाखाली ठेवावेत. कायद्यात त्याला पळवाट होती, ती मला माहीत होती. देशमुखांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते हरकतींसाठी फलकावर लावलं.

हरकतींच्या दिवशी बऱ्याच जणांनी जोडनोंदीला पाठिंबाच दिला. एक म्हातारं जोडपं हातात हात घालून आलं होतं, त्यांच्याकडे मला बघवेना. जेवणाच्या सुट्टीनंतर एक बाई आल्या. सत्तरीच्या आसपास, पायात बूट, खांद्याला कापडी पिशवी.

"मी शीतल गिराम-ढवळे," त्या म्हणाल्या. "टाकळीची माजी सरपंच. दोन टर्म."

"बसा. हरकत कशावर आहे?"

"ते जोडनोंद का काय लावलंय, त्याच्यावर. पैला नियम लई चांगला होता, मॅडम. हे कामून घातलं मधी?"

मी कारण सांगितलं. म्हणजे कागदावर होतं ते सांगितलं.

शीतलबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही ग्रामसभा ऐकलीय का कधी? रेकॉर्डिंग असतंय सगळं. आमच्या गावची ऐका. सरपंच मी. बाजूच्या खुर्चीवर आमचे हे. 'सरपंच ताईंचं असं म्हणणं आहे,' असं म्हणायचे आणि सगळं तेच बोलायचे. लोक त्यांना सरपंचच म्हणायचे. वाईट नव्हता माणूस. मारलं नाही, दारू नाही. पण बोलू दिलं नाही."

"मग?"

"मागच्या महिन्यात तुमची गाडी आली होती तालुक्याला, चाचणीची. म्या दिलं नाव. गिराम म्हणून हाक दिली गाडीवरच्या पोरीनं, आन् माह्यं बोलणं निघालं. दोन टर्मचं. चहा निवायच्या आत संपलं." त्या हसल्या. "पण मॅडम, मला वाटायचं मी कधी बोललेच नाही. मी बोलले होते. पाण्याच्या टाकीचं बोलले होते. शाळेच्या भिंतीचं बोलले होते. इंजिनेराला 'तुम्ही खोटं बोलताय' म्हणले होते. मधी मधी यांनी तोडलं असंल, कुणी हसलं असंल, ते काई नाही त्याच्यात. सलग ऐकू येतंय. कुणीतरी बाई भाषण करायलीय असं वाटतंय."

मी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला.

"तुमच्या आडनावातली रेघ कुणी घातली?" मी विचारलं.

"ग्रामसेवकानं. उमेदवारी अर्जात. गिराम बी लिवा म्हणला, माहेरच्या वाडीची बी मतं पडतेत." त्या पाणी प्यायल्या. "आता आमचा थोरला म्हणतोय, आबा गेले, आई बी जाईल, दोघं एका जागी असावेत. तुमची ती जोडनोंद करून घेतो म्हणतोय. चांगल्या मनानंच म्हणतोय तो. मी हाये तवर मी नाही म्हणंन. मी गेल्यावर कोण म्हणणार?"

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. दाराशी थांबून म्हणाल्या, "तुम्हीच केला ना पैला नियम? त्या पोरीनं सांगितलं मला. लई चांगलं केलं."

त्या गेल्यावर मी त्यांची हरकत नोंदवहीत लिहिली. माझं अख्खं घर ज्या कात्रीने कापलं, त्याच कात्रीने या बाईंना मोकळं केलं होतं. कात्री माझीच होती.

तरीही मी सोडलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या दिवशी देशमुखांपुढे बसले. म्हटलं, मुलांना हक्क नको. फक्त त्या दोघांची संमती असेल तरच जोडनोंद करायची.

"पाध्येसरांची लेखी संमती आहे?"

"त्याने आडनाव लावलं होतं. जन्मभर लावलं. पुरुषाने लावलं होतं, झाहिद. ती संमती नाही तर काय आहे?" मी त्यांना पहिल्यांदाच नावाने हाक मारली असावी.

देशमुखांनी कागद माझ्याकडे वळवला. "आडनावाची रेघ हीच संमती धरली, ताई, तर शीतलबाईंनीही संमती दिलेली आहे."

"ती ग्रामसेवकाने ओढली होती."

"कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात. कोणती प्रेमाने ओढली आणि कोणती मतांसाठी, ते यंत्राला कसं सांगू? तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

एवढी वर्षं मी नावांचं काम केलं, एकेका माणसाची नोंद कुठे लावायची यावर पानंच्या पानं लिहिली, आणि हे मला सांगता आलं नाही. मी पेन घेतलं आणि पोटकलमावर काट मारली. देशमुखांनी कॉफी मागवली. मला राग आला होता. शीतलबाईंचा, देशमुखांचा, आणि सगळ्यात जास्त निनादचा, की कुठल्या तरी चिठ्ठीवर दोन ओळी खरडून ठेवायला काय झालं होतं. पण जिवंतपणी कोण असलं काही लिहून ठेवतं? आम्ही वाण्याची यादीसुद्धा लिहून ठेवत नव्हतो.

त्या आठवड्यात ईशानला फोन केला.

"बाबाची हाक देशील?" मी विचारलं. "पाध्ये म्हणून. अर्ज करायचा असतो."

"म्हणजे त्याचा आवाज येईल?"

"त्याचा एकट्याचा."

"बघतो आई. सध्या जरा धावपळ आहे."

"सवडीने कर. घाई नाही," मी म्हटलं. घाई होती. जुने संगणक बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते, आणि त्यानंतर मला निनाद ऐकायचा तर ईशानखेरीज वाट नव्हती. पण हे त्याला सांगायला मला जमलं नाही. मागायची सवय नसली की तोंडातून शब्द फुटत नाहीत.

शेवटच्या दिवशी खात्यातले सगळे जुन्या कक्षात जमले, कुणी फोटो काढले. मी रजा टाकली होती. घरी फ्रिज साफ केला, माळ्यावरची भांडी काढून घासली, ज्यांना कुणी हात लावत नव्हतं तीही. संध्याकाळी शेजारच्या बाईंनी विचारलं, पाहुणे येणार आहेत का. मी हो म्हटलं.

उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला. नियम राज्यभर लागू झाला. रोज शेकडो रेघा सुटत होत्या आणि मी खाली सही करत होते. लोक अधूनमधून आभार मानायला येत. एका मुलीने मला पेढे दिले, तिच्या आजीला तिच्या मूळ नावाने हाक मिळाली म्हणून. मी पेढा खाल्ला. तो गोड होता आणि मला रडू येत होतं, दोन्ही खरं. रविवारी मात्र काय करावं ते कळत नसे. टीव्ही लावून बघितला. देवळात जाऊन बघितलं. एकदा गुर्जरांची हाक दिली, वर्षाची एकच असते ती, आणि माझा मीच आवाज ऐकत बसले. थोड्या वेळाने बंद केला. त्या बाईशी माझं जमेना. सारखी हसत होती.

ईशानचा फोन दिवाळीनंतर आला. रविवारची सकाळ होती, मी पोहे भिजवले होते.

"आई, कामात आहेस?"

"नाही. का रे?"

"बाबाची हाक दिली मी." तो थांबला. "म्हणजे, दिली होती केव्हाच. एप्रिलमध्ये. आलंही लगेच. ऐकायचं धाडस होत नव्हतं. आज म्हटलं, तुझ्याबरोबर ऐकावं."

मी खुर्ची ओढली. "तिकडे आत्ता कोण आहे घरात?"

"कोणी नाही. मी एकटाच आहे." मग म्हणाला, "लावू?"

त्याने फोन यंत्राजवळ धरला असावा. आधी खरखर आली आणि मग निनाद बोलायला लागला. "कढीत आलं घातलंस का. बरं नाही तर नाही. मग वास कसला येतोय. असू दे, असू दे. तू बस, मी वाढतो. ईशान, ताटं घे रे. ती नको, मोठी. कॉलेजात आज काय झालं माहितेय का. नाही, तो नव्हे, दुसरा." वाक्यावर वाक्य आदळत होतं. जन्मभर माझं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणारा माणूस, आणि आता मला तोंड उघडायलाही फट ठेवत नव्हता. मी "घातलंय" म्हणायला गेले तोवर तो ताटांवर पोचला होता.

"थांबव," मी म्हटलं. "ईशान, थांबव रे."

आवाज थांबला. "काय झालं? नको का?"

"तसं नाही. तो मध्ये थांबत नाहीय." मी पोहे बाजूला सारले. "एकेक वाक्य लाव. एक झालं की थांबायचं. मी सांगितल्यावर पुढचं."

त्याला लगेच कळलं की नाही, ठाऊक नाही. पण त्याने मागे नेलं आणि पुन्हा लावलं.

"कढीत आलं घातलंस का." निनाद म्हणाला. थांबला.

"घातलंय," मी म्हटलं. "तुला नेहमी कमीच वाटतं. हं, पुढचं."

"बरं नाही तर नाही."

ईशान हसला, नाकातून, अगदी बापासारखा. मीही हसले. माझं उत्तर चुकलं होतं, त्या दिवशी मी नाही म्हटलं असणार. मग आम्ही असेच पुढे गेलो. निनाद एक वाक्य बोलायचा, पर्थमध्ये ईशानचं बोट बटणावर पडायचं, आणि त्या जागेत मी बोलायची. काही उत्तरं जुळली, बरीच जुळली नाहीत. मधेच ताटांच्या वेळी ईशानच म्हणाला, "घेतो बाबा." हे कुठेही साठवलं जाणार नव्हतं. कुठल्याही आडनावाखाली नाही. माझे पोहे भिजून लगदा झाले.

"मग काय ठरवलंस तू," निनादने विचारलं.

ईशानने थांबवलं. निनादचा आवाज हळू होता, जेवण होऊन गेल्यावर विचारतात तसा. मला काहीच आठवेना. जालन्याची नोकरी घ्यायची की नाही, ते असेल. किंवा माझ्या आईला इकडे आणायचं, ते. किंवा नुसताच दिवाळीला कुठे जायचं, एवढंच असेल. त्याने मला आयुष्यात इतक्यांदा हे विचारलं होतं, की हा नेमका कुठला प्रश्न, ते शोधायला मला कुठूनही धागा सापडेना.

"आई," ईशान म्हणाला, "कशाबद्दल विचारतोय तो?"

"आठवत नाही रे. पुढचं लावू नकोस इतक्यात. थांब जरा."

"मी कुठे लावतोय," तो म्हणाला. "आठव सावकाश. इकडेही रविवारच आहे."